पोर्ट कॅनॅव्हरलची क्रूझ: डेकवरून रॉकेट कितपत दिसतं?

पोर्ट कॅनॅव्हरलहून बहामाजला जाणारी तीन-चार रात्रींची क्रूझ ठरवताना अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: जाता-जाता रॉकेट दिसेल का? दिसू शकतं, आणि फार सुरेख दिसू शकतं. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावरून २०२५ साली शंभराहून जास्त उड्डाणं झाली, म्हणजे सरासरी तीन-साडेतीन दिवसांना एक. तरीही फक्त तेवढ्यावर विसंबून क्रूझ घेऊ नये. जहाज ठरल्या वेळी सुटतं, रॉकेट मात्र ढग, वारा किंवा एखाद्या झडपेमुळे दोन तास, दोन दिवस, कधी दोन आठवडे पुढे जातं. रॉकेट बघायचंच असेल तर जहाजावर चढण्याआधी दोन रात्री केप कॅनॅव्हरल किंवा कोको बीचला मुक्काम करा आणि डेकवरून दिसलं तर ती वरची कमाई समजा.

किनारा आणि डेक या दोन्ही ठिकाणी मिळतं ते वेगवेगळं आहे. किनाऱ्यावर आवाज मिळतो. समुद्रात आवाज नसतो, पण रात्रीचं उड्डाण असेल तर आकाशभर पसरलेला सगळा मार्ग मिळतो. कुठली बाजू धरायची, किती वाजता उभं राहायचं, काय हुकतं, हे सगळं या फरकावरून ठरतं.

आधी जागांचा हिशेब. बंदर केपच्या दक्षिणेला आहे आणि उड्डाणतळ सगळे उत्तरेला. धक्क्यावरच्या जहाजाच्या वरच्या डेकवर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की डावीकडे, जरा वायव्येला, पांढरी चौकोनी इमारत दिसते. ती व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग, १६० मीटर उंच, म्हणून हवा स्वच्छ असेल तर चुकणं शक्य नाही. ती खूण पकडा आणि नजर उजवीकडे सरकवत न्या: ३९बी, ३९ए, मग ४१, मग ४०, आणि बरंच उजवीकडे ईशान्येला ३६. ३९बी नासाच्या एसएलएस या महाकाय रॉकेटचा तळ. ३९ए आणि ४० स्पेसएक्सचे. ४१ वरून युनायटेड लाँच अलायन्सचे अ‍ॅटलस आणि व्हल्कन उडतात, ३६ वरून ब्लू ओरिजिनचं न्यू ग्लेन. बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला येतं ते ४० वरचं फाल्कन ९, कारण सगळ्यात जास्त उड्डाणं तिथूनच होतात.

बंदरापासून ४० नंबर सुमारे १७ किलोमीटर, ४१ साधारण १९-२०, ३९ए सुमारे २२, आणि ३६ जेमतेम ९. फाल्कन ९ची उंची ७० मीटर. १७ किलोमीटरवरून ते पूर्ण चंद्राच्या निम्म्याहूनही कमी दिसतं, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीच्या पाव भागाएवढं. ज्यांनी फक्त व्हिडिओ पाहिले आहेत त्यांची इथे निराशा होते, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. दुर्बिणीशिवाय रॉकेटचा देह नीट दिसत नाही. दिसते ती ज्वाळा, आणि ती अपेक्षेपेक्षा कितीतरी प्रखर असते. भर दुपारीही वेल्डिंगच्या ठिणगीसारखी डोळ्यांत भरते आणि तिची लांबी रॉकेटहून जास्त असते.

आवाज मागून येतो. ४० वरून उडालं तर बंदरावर पहिला आवाज यायला साधारण ५० सेकंद लागतात, ३९ए वरून मिनिटाहून थोडं जास्त, ३६ वरून २५ सेकंदांच्या आसपास. तोवर रॉकेट बरंच वर गेलेलं असतं आणि लोक ‘आवाज नाही आला’ म्हणत मोबाइल खाली करू लागलेले असतात. थांबा. आधी जमिनीतून आल्यासारखी घरघर येते, मग ती चढत जाते, आणि मग हवा फाटल्यासारखा तडतडाट सुरू होतो. वारा दक्षिणेकडून असेल तर हा आवाज बराच मंद पडतो. जहाजाच्या डेकवर पूलचं संगीत चालू असेल तर तो जवळजवळ पूर्णच हरवतो. म्हणून धक्क्यावर असताना उड्डाण होणार असेल तर पूलचा डेक टाळा. त्याहून वरचा, चालायच्या ट्रॅकचा डेक निवडा, स्पीकरपासून लांब.

डेकचा एक मोठा फायदा किनाऱ्यावर मिळत नाही, तो उंचीचा. बंदराच्या तोंडाशी असलेल्या जेटी पार्कच्या वाळूत उभं राहिलं की पृथ्वीची गोलाई आणि मधली झाडी मिळून तळाचा भाग झाकतात, त्यामुळे पेटल्यानंतरचे पहिले दोन-चार सेकंद जातात. आधी झाडांमागे नारिंगी उजेड, मग त्यातून वर येणारं रॉकेट. पाण्यापासून ४० मीटर उंच डेकवरचं क्षितिज २२-२३ किलोमीटरवर असतं, त्यामुळे तळावरचे वीजरोधक मनोरे, धुराचा पहिला लोट आणि रॉकेटचा संथ उचलाव हे सगळं एका नजरेत येतं. धक्क्यावर लागलेल्या जहाजावरून दुपारचं उड्डाण दिसलं तर ती या सगळ्या व्यवहारातली सर्वांत उत्तम जागा आहे, फुकट मिळणारी. तेवढ्यापुरते डेकला पाचपैकी पाच.

आता बाजू कुठली? इथे घोळ होतो, कारण डावी-उजवी बाजू जहाजाच्या तोंडावर ठरते. खाडीतून बाहेर पडताना जहाज पूर्वेकडे तोंड करून जातं, म्हणून उत्तर डाव्या हाताला येते. परतताना पहाटे ते पश्चिमेकडे तोंड करून आत येतं, तेव्हा उत्तर उजव्या हाताला. समुद्रात गेल्यावर बहामाजकडे वळलं की तोंड आग्नेयेला होतं आणि केप मागे, डाव्या अंगाला राहतो. तेव्हा जहाजाचं मागचं टोक सगळ्यात चांगलं. धक्क्यावर असताना मात्र नियम नाही. काही जहाजं पुढचं टोक आत घालून लागतात, काही वळून मागे सरकत लागतात. टर्मिनल १ आणि ३ खाडीच्या दक्षिण काठावर आहेत, ५, ६, ८ आणि १० उत्तर काठावर. चढल्या-चढल्या मोबाइलचं होकायंत्र उघडून उत्तर ठरवा, मग जागा धरा. बाल्कनीची खोली केवळ रॉकेटसाठी जास्त पैसे देऊन घेऊ नका. एका बाजूची बाल्कनी एका दिशेच्या प्रवासातच उपयोगी पडते आणि वरचा डेक सगळ्यांना मोकळाच असतो.

बाल्कनीची आणि डेकचीही एक अडचण म्हणजे कठड्याची काच. खाऱ्या पाण्याचे तुषार वाळून तिच्यावर पांढरट पापुद्रा चढलेला असतो, बऱ्याच जहाजांवर काच निळसर किंवा करडी रंगवलेली असते. त्यातून दुर्बीण किंवा कॅमेरा लावला तर चित्र धूसर येतं आणि रात्री डेकवरच्या दिव्यांची प्रतिबिंबं मध्ये येतात. काच जिथे संपते आणि नुसता लोखंडी कठडा असतो अशी जागा दिवसाउजेडी शोधून ठेवावी. बहुतेक जहाजांवर ती मागच्या बाजूला किंवा खालच्या फेरफटक्याच्या डेकवर सापडते.

सामानाचंही सांगायला हवं. टर्मिनलवर दिलेल्या बॅगा खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. दुर्बीण, टोपी, सनस्क्रीन, कॅमेऱ्याची जास्तीची बॅटरी, लहान मुलांचे कान झाकायचे हेडफोन, हे सगळं हातातल्या पिशवीत हवं. दुपारी दोन-तीनच्या सुमारास उड्डाण असेल तर चेक-इनची सगळ्यात लवकरची वेळ घ्या. जहाज सुटण्याआधी सुरक्षा कवायत सक्तीची असते. आता बऱ्याच कंपन्यांत तिचा व्हिडिओ मोबाइलवर बघून, ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावली की झालं. ते चढल्याबरोबर उरकून टाका. नाहीतर नेमक्या शेवटच्या दहा मिनिटांत ध्वनिक्षेपकावरून खोलीचे नंबर पुकारले जातात.

जहाज सुटल्यानंतर दृश्य कसं बदलत जातं याचा हिशेब अवघड नाही. समजा चार-साडेचारला दोर सुटले. खाडीतून मोकळ्या समुद्रात यायला साधारण पाऊण तास जातो, पुढे वेग ताशी ३३ ते ३७ किलोमीटरचा. साडेसहाच्या सुमारास तुम्ही केपपासून ५० किलोमीटरच्या आसपास असता. तिथून आवाजाची आशा सोडा, पण ज्वाळा जवळजवळ पहिल्या क्षणापासून दिसते. या वेळी सूर्य पश्चिमेला, म्हणजे नेमका केपच्या दिशेने कलत असतो, त्यामुळे संध्याकाळच्या धुरकट हवेत रॉकेट शोधायला त्रास होतो. साडेनऊच्या आसपास अंतर दीडशे किलोमीटर. आता क्षितिजाआडून रॉकेट वर यायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. दुसऱ्या दिवशी कोकोकेसारख्या खासगी बेटावर असलात तर अंतर सुमारे ४०० किलोमीटर, रॉकेट साडेबारा किलोमीटर उंचीवर गेल्यावरच दिसणार, म्हणजे उड्डाणानंतर सव्वा मिनिटाने. नासाऊ ५०० किलोमीटर, तिथे २० किलोमीटर उंची लागते, म्हणजे दीड मिनिटाहून अधिक वाट बघावी लागते. घोषणा झाली, मोजणी शून्यावर आली, वायव्येच्या क्षितिजावर काहीच नाही म्हणून लोक आत जेवायला जातात आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात ते वर येतं. घड्याळ लावून पूर्ण तीन मिनिटं थांबायचं, हा नियम पाळा.

रात्रीच्या उड्डाणाला समुद्रातून जे दिसतं त्यासाठी मात्र डेकवर कुडकुडत उभं राहणं सार्थकी लागतं. फाल्कन ९चा पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, सुमारे अडीच मिनिटं जळतो आणि मग विझतो. काही सेकंद अंधार. मग दुसऱ्या टप्प्याचा बारीक, निळसर ठिपका पेटतो आणि त्याच्याभोवती धुराची पंखासारखी झालर पसरत जाते. सहा मिनिटं आणि वीस-तीस सेकंदांच्या सुमाराला, दुसरा टप्पा लांब गेलेला असताना, परत खाली येणारा पहिला टप्पा वेग मारण्यासाठी पुन्हा इंजिनं पेटवतो. हा प्रकाश किनाऱ्यावरून क्षितिजाच्या जेमतेम दोन-तीन अंश वर दिसतो आणि बहुतेक वेळा ढगांत जातो. आग्नेयेला अडीचशे किलोमीटर गेलेल्या जहाजावरून, रॉकेटही आग्नेयेलाच गेलं असेल तर, तो दुपटीहून जास्त उंचीवर दिसतो. साडेआठ मिनिटांच्या आसपास ड्रोनशिपवर, म्हणजे समुद्रातल्या बिनमाणसांच्या तराफ्यावर, उतरणं होतं, ते मात्र क्षितिजाखाली.

‘रॉकेटही आग्नेयेला गेलं असेल तर’ हे सगळ्यात महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे जाणारी उड्डाणं ईशान्येला, अमेरिकेच्या किनाऱ्याला समांतर जातात. बहामाजच्या वाटेवरच्या जहाजासाठी ती पाठमोरी. स्टारलिंकची, म्हणजे स्पेसएक्सचे इंटरनेट उपग्रह नेणारी, काही ईशान्येला, काही आग्नेयेला. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, ड्रोनशिपला तिथे स्थिर राहणं जड जातं, म्हणून त्या दिवसांत आग्नेयेच्या मार्गाला पसंती मिळत आली आहे. क्रूझवाल्यांसाठी हे चांगलं: डिसेंबर ते मार्च रॉकेट तुमच्या वाटेने येण्याची शक्यता वाढते. १८ फेब्रुवारी २०२५ला तर पहिला टप्पा थेट बहामाजच्या हद्दीतल्या पाण्यात, ड्रोनशिपवर उतरवला गेला. असं उतरणं प्रत्येक उड्डाणाला गृहीत धरू नका.

तिसरी दिशा दक्षिणेची. ध्रुवीय कक्षेत जाणारी काही उड्डाणं फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत खाली जातात. ऑगस्ट २०२०मध्ये या मार्गाचा वापर अनेक दशकांनी पुन्हा सुरू झाला. ही उड्डाणं बंदरावरून अप्रतिम दिसतात, कारण रॉकेट तुमच्या दिशेने येतं आणि पूर्वेकडून वर निघून जातं. पण हीच वाट क्रूझ जहाजांचीही आहे. ३० जानेवारी २०२२ला इटलीच्या एका उपग्रहाचं उड्डाण शेवटच्या ३३ सेकंदांवर थांबवावं लागलं, कारण एक क्रूझ जहाज धोक्याच्या क्षेत्रात आलं होतं. त्या दिवशीचं उड्डाण गेलं ते गेलंच, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झालं. तेव्हा कप्तानाने मार्ग वाकडा केला किंवा वेग कमी केला तर कुरकुर करू नये, जहाज त्या क्षेत्राबाहेर ठेवणं त्याला भागच असतं.

वेळापत्रक वाचताना बहुतेकांचं घोडं ‘नेट’ या शब्दावर अडतं. नेट म्हणजे ‘नो अर्लियर दॅन’, ‘याच्या आधी नाही’. पाच महिने आधी दिसणारी ‘नेट १४ मार्च’ ही तारीख आश्वासन नसते, ती खालची मर्यादा असते. अशा तारखेवर क्रूझ बुक करू नका. स्टारलिंकच्या तारखा आठवडाभर आधी जरा स्थिर होतात, वेळ शेवटच्या दोन-तीन दिवसांत पक्की होते. स्पेसफ्लाइट नाऊचं वेळापत्रक आणि नेक्स्ट स्पेसफ्लाइट किंवा स्पेस लाँच नाऊ यांपैकी एक अ‍ॅप एवढं पुरतं.

वेळ बऱ्याचदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. फ्लोरिडा मार्च ते नोव्हेंबर यूटीसीच्या चार तास मागे असतं, बाकी महिन्यांत पाच. ‘१२ तारीख ००:३०’ असं लिहिलेलं उन्हाळ्यातलं उड्डाण फ्लोरिडात ११ तारखेच्या रात्री साडेआठला होतं. एक पूर्ण दिवस चुकतो तो असा. त्यात जहाजाची स्वतःची वेळ काही मार्गांवर किनाऱ्याहून वेगळी ठेवतात. मोबाइलची वेळ हाताने लावून ठेवा, आपोआप बदलू देऊ नका.

जहाज निघण्याआधी, मोबाइलला किनाऱ्याचं नेटवर्क असताना, उड्डाणाची वेळ, मार्गाची दिशा आणि पुढच्या दिवसाची राखीव वेळ यांचा स्क्रीनशॉट घ्या. मग फोन विमान-मोडवर टाका आणि जहाजाचं वायफायच वापरा. समुद्रातलं मोबाइल नेटवर्क चुकून जोडलं गेलं तर बिल अंगावर येतं. वायफायवर थेट प्रक्षेपण बघता येतं, पण ते प्रत्यक्षाच्या वीस-तीस सेकंद मागे असतं, कधी त्याहून जास्त. पडद्यावर मोजणी ‘पंधरा’ म्हणत असते आणि बाहेर रॉकेट उडून गेलेलं असतं. शेवटच्या मिनिटाला पडदा बंद, डोळे क्षितिजावर.

थांबायचं की खोलीत जायचं हे ठरवायला फाल्कन ९चा क्रम पाठ असलेला बरा. उड्डाणाच्या ३८ मिनिटं आधी इंधन भरायला हिरवा कंदील मिळतो, ३५ मिनिटांवर भरणं सुरू होतं. इंधन भरलं जातंय असं कळलं की डेकवर जा. २० मिनिटांवर तळावरून पांढऱ्या वाफेचा मोठा झोत सुटतो, दुर्बिणीतून बंदरावरूनही ओळखू येतो. ही खूण दिसली म्हणजे भरणं पुढे सरकतंय. ते घड्याळाबरहुकूम व्हावं लागतं, कारण अतिथंड केलेला द्रवरूप ऑक्सिजन टाकीत फार वेळ ठेवून चालत नाही, तो तापून पसरतो. म्हणून भरणं सुरू झाल्यावर मोजणी थांबली तर फाल्कनच्या बाबतीत ती तशीच पुढे नेता येत नाही. स्टारलिंकला त्याच रात्री पुढची वेळ मिळू शकते, माणसं नेणाऱ्या उड्डाणांना बहुतेक वेळा नाही. अ‍ॅटलस आणि व्हल्कनच्या मोजणीत मुद्दाम ठेवलेले थांबे असतात, ते पाहून स्क्रब झालं, म्हणजे त्या दिवसाचं उड्डाण रद्द झालं, असं समजू नका.

हवामान हा उन्हाळ्यातला खरा अडसर आहे. भारतातून आई-बाबा येतात ते मे ते सप्टेंबरमध्ये, मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच, आणि नेमकं तेव्हाच फ्लोरिडात दुपारी दोननंतर रोज गडगडाट. तळाच्या किंवा मार्गाच्या १० नॉटिकल मैलांत, म्हणजे साडेअठरा किलोमीटरांत वीज पडली तर ३० मिनिटं थांबावं लागतं. ठरावीक जाडीपेक्षा मोठा ढगांचा थर, वादळाच्या माथ्यावरचा ऐरणीसारखा पसरलेला ढग, यांतून रॉकेट नेत नाहीत. नोव्हेंबर १९६९मध्ये अपोलो १२वर उड्डाणाच्या पहिल्याच मिनिटात दोनदा वीज पडली होती. अशा ढगांत रॉकेट स्वतःच विजेला वाट करून देतं. उन्हाळ्यात जात असाल तर पहाटेचं किंवा रात्री उशिराचं उड्डाण असेल अशा दिवसावर भर द्या. उड्डाणाच्या हवामानाचा अंदाज देणारं वेदर स्क्वाड्रन ‘९० टक्के अनुकूल’ म्हणतं तेव्हा त्यात वरच्या थरातला वारा आणि ड्रोनशिपजवळचा समुद्र धरलेला नसतो, ते धोके पत्रकात वेगळे लिहितात. तेही वाचा. शिवाय अनुकूल म्हणजे दिसेलच असंही नाही. पातळ, खालचे ढग उड्डाणाला चालतात, पण पंधरा सेकंदांत रॉकेट गिळतात.

उलट, सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी अर्धा ते एक तास या पट्ट्यात उड्डाण असेल तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवा. खाली अंधार आणि वर रॉकेटला ऊन, असं झालं की धुराचा प्रचंड, चमकता जेलीफिश आकाशात उमलतो. जेवणाची पहिली पंगत साडेपाच-सहाची, दुसरी आठच्या आसपास. हिवाळ्यात हा जेलीफिशचा पट्टा नेमका पहिल्या पंगतीवर येतो. पहिल्याच दिवशी वेटरला सांगून ठेवलं तर वेळ बदलून देतात किंवा वरच्या बुफेत जेवता येतं.

किनाऱ्यावरच्या दोन रात्रींसाठी जेटी पार्क ही माझी पहिली पसंती, पाचपैकी साडेचार. बंदराच्या तोंडाशी, वाळू आणि मासेमारीचा लांब लाकडी धक्का, स्वच्छतागृहं, गाडी लावायला जागा. पार्किंगचे पैसे पडतात आणि मोठ्या उड्डाणांना जागा लवकर भरते, दोन-तीन तास आधी पोहोचा. न्यू ग्लेनसाठी तर ही जागा सर्वोत्तम: ९८ मीटरचं रॉकेट, फक्त नऊ किलोमीटरवरून, मिथेनची निळसर ज्वाळा, आणि तळावरून इतकं सावकाश उचलतं की छातीत धडधडतं. जेटी पार्कमधून उत्तरेकडे पाहायचं असल्याने ऊन कधीच डोळ्यांवर येत नाही. टायटसव्हिलच्या नदीकाठावरून ३९ए समोर आणि मोकळं दिसतं, पण तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळच्या उड्डाणांना सूर्य समोर. तिथला मॅक्स ब्रूअर पूल उंच म्हणून चांगला, पण वर उभं राहायला बाक नाहीत. ज्येष्ठांना नेऊ नका. प्लायालिंडा समुद्रकिनारा ३९एच्या सगळ्यात जवळ, मात्र रात्री बंद आणि काही उड्डाणांना दिवसाही बंद. केनेडी स्पेस सेंटरच्या आतली, सॅटर्न ५ ठेवलेल्या इमारतीजवळची जागा जवळची आणि सोयीची आहे. तिथली तिकिटं वेगळी काढावी लागतात आणि लवकर संपतात. घेण्यापूर्वी स्क्रब झालं तर पैशाचं काय, ते नियम वाचून घ्या.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या टूरमध्ये ऑर्लॅंडो असतंच, पण तारखा हातात नसतात. अशांनी रात्रीच्या उड्डाणाला हॉटेलच्या बहुमजली पार्किंगच्या गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहावं. ऐंशी-नव्वद किलोमीटरवरून आवाज येणार नाही, पण नारिंगी उजेड चढत जाताना स्वच्छ दिसतो. आणि भारतातच राहणाऱ्यांनी एवढ्यासाठी फ्लोरिडा गाठायची गरज नाही. श्रीहरिकोटाला इस्रोने २०१९ साली पाच हजार माणसांची प्रेक्षक गॅलरी खुली केली आहे. ऑनलाइन नोंदणी उड्डाणाच्या काही दिवस आधी उघडते, ओळखपत्र लागतं, पैसे लागत नाहीत. जवळचं रेल्वे स्टेशन सुल्लुरुपेटा. तिथेही तारखा सरकतात, तेव्हा परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा.

फोटोंबद्दल थोडक्यात. डेकवरून प्रकाशाची लांब रेघ काढायचा नाद सोडा, जहाज हलतं आणि रेघ नागमोडी येते. ती किनाऱ्यावर, तिपाईवर काढावी: आयएसओ १००, एफ/११ ते १६, दोन ते तीन मिनिटं. डेकवर मोबाइल रुंद चौकटीत ठेवा, उजेड हाताने खाली ओढून कुलूपबंद करा. नाहीतर ज्वाळेचा नुसता पांढरा गोळा येतो. दुर्बीण ७ बाय ५० चांगली. दहापटीच्या वर गेलात तर इंजिनाच्या थरथरीने चित्र नाचतं.

परतीच्या सकाळी मात्र गजर लावा. पहिला टप्पा उतरवलेली ड्रोनशिप टगबोटीमागे ओढत उड्डाणानंतर तीन ते पाच दिवसांनी याच खाडीतून आत येते, म्हणजे जाताना पाहिलेलं रॉकेट परत येताना भेटण्याचा योग तीन-चार रात्रींच्या क्रूझला चांगलाच जुळतो. जहाज साधारण पाच ते साडेसहाच्या दरम्यान खाडीत शिरतं. उजव्या बाजूला, उत्तर काठावरच्या मालधक्क्यांवर नजर ठेवा. पंधरा मजली इमारतीएवढा काजळलेला नळकांडा क्रेनला टांगलेला किंवा स्टँडवर उभा दिसतो, खाली हेल्मेट घातलेली माणसं त्याचे चार पाय एकेक करून मिटत असतात. डेकवरून अंतर काहीशे मीटर. दुर्बिणीतून इंजिनांच्या तोंडावरची काजळी आणि कडेला रंगवलेला टप्प्याचा क्रमांकसुद्धा वाचता येतो. तो क्रमांक टिपून ठेवला की हाच टप्पा पुढे कुठल्या उड्डाणाला जातो, ते अ‍ॅपमध्ये बघता येतं.